ओहोटीच्या घड्याळावर पाच दिवस

किनाऱ्याचं नाव इथे येणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. नावासकट फोटो टाकला की पुढच्या अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पन्नास माणसं बूट घालून डबक्यांत उतरतात, दगड उलटे करतात आणि तसेच टाकून जातात. दगडाखालचं सगळं मग उन्हात वाळून मरतं. एकदा हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय, आणि तेव्हा फोटो माझाच होता. तेव्हा एवढंच पुरे: काळा खडक, त्यात सहा मोठी डबकी आणि पाणी पूर्ण उतरलं की जेमतेम दोन तास फिरता येईल एवढी सवड.

जायचं कारण समुद्री गोगलगायी. त्यातही न्यूडिब्रँक, म्हणजे ज्यांचे कल्ले उघडे असतात त्या. जगभरात यांच्या तीन हजारांच्या आसपास जाती नोंदल्या गेल्या आहेत. अळी असताना यांना इवलासा शंख असतो, मोठं होताना त्या तो टाकून देतात. शंख नाही, धावता येत नाही, आणि वर अंगावर असे रंग की लपायचं म्हटलं तरी लपता येऊ नये. का, याचं सर्वमान्य उत्तर असं की हे रंग इशाऱ्याचे असतात: मी विषारी आहे, तोंड लावू नकोस.

या उत्तराला मी माझ्या मनानं एक शेपूट जोडलं होतं. इशारा द्यायचा तर उजेड हवा. म्हणजे भडक गोगलगायी दिवसा बाहेर पडत असणार आणि मळकट रंगाच्या रात्री. हिशोब फार सुबक होता. पण माझ्या जुन्या वह्यांमध्ये तो कुठेच बसत नव्हता, कारण वह्यांप्रमाणे झाडून सगळ्या गोगलगायी संध्याकाळी बाहेर पडणाऱ्या निघत होत्या. वह्या भाचीला दाखवल्या. ती सागरी जीवशास्त्रात एमएस्सी करतेय. पाच मिनिटं पानं चाळून ती म्हणाली, "मामा, या गोगलगायी संध्याकाळच्या आहेत की तू संध्याकाळचा आहेस?"

त्या एका वाक्यामुळे हे पाच दिवस ठरले. सहाही डबकी, रोज दोन्ही ओहोट्यांना, त्याच क्रमानं, प्रत्येक डबक्यापाशी मोजून दहा मिनिटं. काही दिसलं नाही तरी दहा मिनिटं.

दिवस पहिला. अमावस्या. ओहोटी संध्याकाळी ५:४०

पोचलो तेव्हा पाणी उतरत होतं. भाचीनं डबक्यांना नंबर दिले, मी पेन्सिलीला टोक केलं. पहिल्या दोन डबक्यांत खेकडे आणि समुद्रफुलं, बाकी काही नाही. तिसऱ्यात निळसर स्पंजाचा एक गालिचा आहे, आणि त्यावर ती बसली होती, जोरुना फ्युनेब्रिस. पांढरं अंग, त्यावर काळी कडी, जणू कुणी ओल्या पेल्यांचे ठसे उमटवून ठेवलेत. लांबी माझ्या अंगठ्याएवढी. पाठीच्या मागच्या टोकाला कल्ल्यांचा तुरा, काळ्या किनारीचा. माझी सावली त्यावर पडली तसा तो तुरा आत ओढला गेला, मूठ मिटावी तसा. मी मागे सरकून थांबलो. अर्ध्या मिनिटानं तो परत उमलला.

या बाईसाहेब जेवत होत्या. निळा स्पंज हाच त्यांचा आहार, आणि त्यातली विषारी रसायनंच त्यांचं चिलखत. त्यांच्या अंगावरच्या चिकट स्रावातून सापडलेल्या एका रसायनाला तर त्यांच्याच नावावरून जोरुमायसिन म्हणतात.

तुरा मिटला म्हणून तिला मी दिसलो असं मात्र नाही. यांचे डोळे म्हणजे कातडीखालचे दोन काळे ठिपके. प्रयोगशाळांत खूप अभ्यास झालेली हर्मिसेंडा नावाची एक गोगलगाय आहे. तिच्या एका डोळ्यात उजेड टिपणाऱ्या पेशी किती असाव्यात? पाच. पाच पेशींमधून उजेड आणि सावली कळते, चित्र उमटत नाही. समोरच्या गोगलगायीचा रंग हिला कधीच दिसत नाही, स्वतःचा तर नाहीच. वास आणि चव मात्र डोक्यावरच्या दोन शिंगांनी पक्की कळते.

म्हणजे मोरपिसाऱ्यासारखा जोडीदार पटवण्यासाठीचा हा रंग नव्हे. सुरवंटांच्या बाबतीत नेमकं इथेच डार्विनचं घोडं अडलं होतं. सुरवंट काही प्रणय करत नाहीत, मग त्यांतले काही इतके भडक का? १८६७ साली वॉलेस या निसर्गअभ्यासकानं सुचवलं की ते बेचव असणार आणि पक्ष्यांना ते लांबूनच कळावं म्हणून रंग. १८९० साली पोल्टन या प्राणिशास्त्रज्ञानं या प्रकाराला ॲपोसेमॅटिक हा शब्द दिला. थोडक्यात, हा रंग खाणाऱ्याच्या डोळ्यांसाठी असतो. ज्याच्या अंगावर असतो त्याला त्याचा पत्ताही नसतो.

सूर्य बुडाला. भाचीनं वहीत लिहिलं: डबकं ३, जोरुना १, उजेडात, खात होती. मी मनातल्या मनात एक गुण स्वतःला दिला.

दिवस दुसरा. ओहोटी पहाटे ६:०५ आणि संध्याकाळी ६:२५

एका ओहोटीपासून दुसरी साधारण बारा तास पंचवीस मिनिटांनी येते, त्यामुळे रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. या किनाऱ्यावर उधाणाच्या ओहोट्या पहाटे आणि संध्याकाळी लागतात. माझ्या वह्यांचं गुपित इथेच होतं. पहाटे उठायचा कंटाळा, त्यामुळे मी कायम संध्याकाळचीच ओहोटी धरत आलो. दुपारी बारा वाजता गोगलगायी काय करतात हे मी आयुष्यात पाहिलेलं नाही, कारण तेव्हा त्यांच्यावर दोन पुरुष पाणी असतं.

पाचला निघालो. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद रबरानं बांधला होता. लाल उजेड समुद्रातल्या बऱ्याच जीवांना फारसा जाणवत नाही, त्यामुळे ते बुजत नाहीत. तोटा एकच, त्यात माणसाला रंग ओळखता येत नाहीत. सगळी दुनिया तांबडी-काळी.

दुसऱ्या डबक्यात, काल जिथे काहीच नव्हतं तिथे, एक काळी, मऊ, कडेला झालर असलेली गोगलगाय संथपणे चालली होती. डेंड्रोडोरिस. ही दिवसा दगडाखाली असते, हे मला दगड उचलून उचलून माहीत होतं. चालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. पूर्वेला फटफटायला लागलं, तसा तिनं मोर्चा वळवला. घाई नव्हती, पण दिशा ठरलेली होती. सात मिनिटांत ती एका कपारीत शिरली आणि झालरीची शेवटची घडीही आत गेली.

मी खूष. काळी बया, काळोखात फिरते, उजाडलं की घरात. हिशोब जुळतोय.

"तीही विषारीच आहे पण," भाची म्हणाली. खरं होतं. डेंड्रोडोरिस कुळातल्या गोगलगायींकडे पॉलिगोडिअल नावाचं जहाल तिखट रसायन असतं. पाणमिरीच्या पानात जे तिखट असतं, तेच. आणि काही जाती ते स्पंजाकडून उसनं न घेता स्वतःच्या अंगात बनवतात. जवळ एवढं हत्यार असून ही दिवसाढवळ्या मिरवत का नाही? मी म्हटलं, अपवाद असेल.

पाचव्या डबक्यात अपवादाला भावंडं भेटली. हायड्रॉइडच्या, म्हणजे झुडपासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्याच्या, पिसासारख्या झुडपावर दोन एओलिड चढल्या होत्या. एओलिड हा न्यूडिब्रँकांचाच एक गट. दीड-दोन सेंटीमीटरच्या, पाठीवर बोटांसारखे लवलवते फाटे. लाल कागद काढून टॉर्च मारला आणि दोघंही एकदम गप्प झालो. त्या प्रत्येक बोटाच्या आत नारिंगी गाभा, वर निळसर पट्टा आणि टोक पांढरं. एवढं नटून काळोख्या पहाटे कुणासाठी बसल्या होत्या?

त्या टोकांची गंमत अशी. हायड्रॉइडला डंख असतात, सूक्ष्म पेशींमध्ये गुंडाळी करून ठेवलेले. एओलिड ते हायड्रॉइड खाते, पण सगळे डंख पचवत नाही. न उडालेले डंख पोटातून वर पाठीवरच्या बोटांच्या टोकाला नेऊन तिथल्या पिशव्यांमध्ये साठवते. कुणी चावा घेतला तर ते डंख चावणाऱ्याच्या तोंडात. चोरलेल्या शस्त्रांचं कोठार, आणि कोठाराच्या दारावर रंगीत पाटी. पाटी वाचायला मासे लागतात, आणि दिवसा फिरणारे मासे या वेळी कपारींत निजलेले.

संध्याकाळच्या फेरीत एओलिड त्याच झुडपावर होत्या, फक्त एक फांदी पुढे. जोरुना स्पंजावर जिथल्या तिथे. डेंड्रोडोरिसचा पत्ता नाही. माझा सुबक हिशोब एकाच दिवसात कडेनं उसवायला लागला होता.

दिवस तिसरा. ओहोटी सकाळी ६:५० आणि संध्याकाळी ७:१०

पहाटेच्या पहिल्या उजेडात सहाव्या डबक्यात एक नवी दिसली. गोनिओब्रँकस कुळातली, पांढरी, अंगभर जांभळे ठिपके आणि अंगाच्या कडेनं पिवळी रेघ. रेघ इतकी एकसारखी की भाची म्हणाली, कुणीतरी काठ शिवून घेतलाय.

या काठावरून ऑस्ट्रेलियात एक फार देखणा प्रयोग झाला. तिथे गोनिओब्रँकस स्प्लेंडिडस नावाची गोगलगाय आहे, पांढरी, लाल ठिपक्यांची, पिवळ्या काठाची. लाल ठिपके जागोजागी वेगळे, कुठे मोठे, कुठे विरळ. पिवळा काठ मात्र सगळीकडे तसाच. ट्रिगरफिश जातीच्या माशांना अशा चित्रांची ओळख करून दिली, तेव्हा त्यांनी नकोशा घासाची खूण म्हणून ठिपके लक्षात ठेवलेच नाहीत, पिवळा काठ लक्षात ठेवला. हे संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झालं. आपण गोगलगाय ओळखताना आधी ठिपके मोजतो. मासा दुसरंच काही वाचत असतो. ठिपक्यांना बदलायची मोकळीक का मिळाली, हेही त्यातून कळतं: त्यांच्याकडे कुणी बघतच नाही.

याच संशोधकांचं आणखी एक काम आहे, २०१६ सालचं. क्रोमोडोरिसच्या पाच जाती तपासल्या. पाचही जणी खाल्लेल्या स्पंजातून लॅट्रंक्युलिन-ए हे एकच जहाल द्रव्य निवडून आवरणाच्या काठाला साठवतात. मासा पहिला लचका जिथे तोडेल तिथेच विष. हे वाचल्यापासून कोणत्याही गोगलगायीचा काठ मला साधा वाटत नाही.

दुपारी मी हट्टाला पेटलो. बारा वाजता त्या काय करतात ते पाहायचंच. तिसरं डबकं खडकाच्या आडोशाला आहे, भरतीलाही तिथे लाटा कमी. मास्क, नळी लावून उतरलो. मास्क पहिल्या मिनिटापासून गळत होता. पाणी गढूळ, हातभर लांबचं दिसेना. दोनदा खडकावर गुडघा आपटला, तिसऱ्या वेळी कोपर. वर येऊन मास्क रिकामा करायचा, खाली जायचं, स्पंज शोधायचा, सापडेपर्यंत मास्क परत भरलेला. वर बसलेली भाची घड्याळ बघत ओरडत होती, "मामा, दहा मिनिटांचा नियम!"

सातव्या बुडीत स्पंज सापडला आणि जोरुना सापडली. तिथेच. पहाटे तिथे, संध्याकाळी तिथे, दुपारी तिथे. तुरा उमललेला. पट्टेरी सार्जंट माशांची चार-पाच पिल्लं आसपास टिपत होती. एक पिल्लू तिच्या अगदी जवळ आलं, थबकलं, वळलं आणि गेलं.

वर येऊन मी हे मोठ्या थाटात सांगितलं. इशारा, डोळ्यांदेखत! भाची म्हणाली, "तुझ्या फेसाळत्या मास्कला घाबरून वळलं नसेल कशावरून?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत तिनं लिहिलं: दुपारी १२:१०, जोरुना १, त्याच जागी. माशाबद्दल काही लिहिलं नाही.

रात्रीची ओहोटी मात्र विसरणं शक्य नाही. सव्वासात, पूर्ण काळोख, चंद्राची कोर मावळलेली. चौथ्या डबक्यापाशी पालथा पडून मी पाण्यावर नाक टेकायचं बाकी ठेवलं होतं. लाल उजेडात एक लांबट, पाठीवर गोळ्यागोळ्यांचे उंचवटे असलेली गोगलगाय शेवाळातून निघाली. प्लोकामोफेरस. दिवसभरात इथे कधी दिसली नव्हती. तेवढ्यात माझ्या कोपराचा धक्का लागून टॉर्च घरंगळला आणि डबक्यात पडला. विझला. दोघांच्याही तोंडून शिवी निघाली, आणि तेवढ्यात, ज्या जागी टॉर्च बुडाला तिथे पाण्यात निळसर ठिणगी पेटली. मग दुसरी. मग दोन-तीन एकदम, क्षणभर, आणि परत काळोख.

टॉर्च बहुतेक तिच्यावरच पडला होता. प्लोकामोफेरसच्या पाठीवरच्या त्या गोळ्या छेडल्यावर प्रकाश फेकतात, हे मी वाचलं होतं. वाचणं वेगळं. भाचीनं तिचा टॉर्च लावला तेव्हा ती पाण्यात तरंगत होती, शेपटीवरचं पातं आणि सगळं अंग डावी-उजवीकडे झटकत, पोहत. अर्ध्या मिनिटानं तळाला टेकली आणि काही झालंच नाही अशा थाटात चालायला लागली.

मी बराच वेळ तसाच पडून होतो. रात्री रंग दिसत नाही, म्हणून इशारा बंद, असं मी धरून चाललो होतो. हिनं इशाऱ्याचा उजेडही स्वतःबरोबरच आणला होता, आणि तोही गरज पडेल तेव्हाच. खरोखर तो इशारा आहे की हल्लेखोराला दचकवण्याची युक्ती, यावर आम्ही परतताना वाद घातला. भाचीचं मत दचकवण्याचं. मला वाटतं ज्याला एकदा कडू घास मिळालाय त्याच्यासाठी दोन्ही एकच.

दिवस चौथा. ओहोटी सकाळी ७:३५ आणि रात्री ७:५५

टॉर्च कायमचा गेला. दोघांत एक.

सकाळ उजेडाची होती. पहिल्या डबक्यात हिरव्या शेवाळावर तितक्याच हिरव्या तीन एलिसिया. या न्यूडिब्रँक नव्हेत, पण सोयऱ्या. शेवाळाच्या पेशी फोडून त्यातला रस पितात आणि काही जाती त्यातले हरितकण स्वतःच्या अंगात जिवंत ठेवतात. ऊन पडलं तशी एकीनं पाठीवरचे दोन्ही पंख पानासारखे पसरले. हिला उजेडाचं काम आहे म्हणून ही उजेडात. इशाऱ्याचा प्रश्नच येत नाही, हिचा सगळा भर लपण्यावर.

आणि लपण्याचा कळस तिसऱ्या डबक्यात. तांबड्या स्पंजाचा एक ठिपका आम्ही तीन दिवस रोज पाहत होतो. आज भाचीनं भिंग धरलं आणि ठिपक्याला शिंगं निघाली. रोस्टांगा. स्पंज खाऊन त्याचाच रंग अंगात घेतलेली, तीच खरबरीत पाठ, आणि बाजूला गुंडाळलेली अंड्यांची फीतही तांबडी. तीन दिवस, पाच फेऱ्या, प्रत्येकी दहा मिनिटं, आणि वहीत तिच्या नावापुढे शून्य. ती कुठे गेली नव्हती. आम्हालाच दिसली नव्हती.

हे मला फार लागलं. भडक गोगलगायी दिवसा जास्त दिसतात, असं म्हणताना "दिसतात" हा शब्द किती खोटं बोलू शकतो! भडक ती दिसते म्हणून वहीत येते. लपलेली असते आणि वहीत येत नाही.

दुपारी खोलीत मी या सगळ्याचं घड्याळ कुठे असतं ते भाचीकडून ऐकलं. सागरी ससा म्हणतात त्या गोगलगायीचं, म्हणजे ॲप्लिसियाचं उदाहरण सगळ्यांत मजेदार. १९६९ साली ॲप्लिसियाचा डोळा अंगावेगळा काढून काळोखात ठेवला, तरी त्याच्या मज्जातंतूतले संदेश दिवस-रात्रीच्या तालावर वाढत-कमी होत राहिले. घड्याळ डोळ्यातच. आणि एकाच कुळात दोन तऱ्हा: ॲप्लिसिया कॅलिफोर्निका दिवसाची, ॲप्लिसिया फॅसिआटा रात्रीची. २००५ सालच्या एका प्रयोगात दोघींना शिकवून पाहिलं, तर जी ज्या वेळी जागी असते त्या वेळी शिकलेलं तिच्या लक्षात राहिलं, एरवी नाही. न्यूडिब्रँकांतही मेलिबे लिओनिना ही जाळ्यासारखं तोंड उघडून बसणारी गोगलगाय रात्री जास्त हिंडते-पोहते, आणि सतत काळोखात ठेवली तरी तिच्यात तो ताल दिसतो.

"म्हणजे रंगाचा काही संबंधच नाही?" मी विचारलं.

"स्पॅनिश डान्सर घे," ती म्हणाली. हेक्साब्रँकस, वीतभराहूनही मोठी होणारी, लालभडक. स्पंजातली विषं अंगात, अंड्यांतही. आणि ही दिवसा प्रवाळाच्या कपारीत दडते, रात्री निघते. पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी शोषला जातो. थोडं खोल गेलं की दिवसासुद्धा लाल करडा दिसतो. तो लाल रंग आपल्याला दिसतो तो टॉर्चमुळे. छेडली की मात्र ती गुंडाळलेली कड उलगडते, लाल-पांढरे पट्टे झळकतात आणि पोहायला लागते. "हिचा रंग कुणासाठी, ते तूच सांग."

मी सांगू शकलो नाही, पण रात्री एक वेगळंच उत्तर समोर आलं.

पाचव्या डबक्याच्या वाळूत स्टायलोकीलस होती, सागरी सशाच्याच गोतातली, शेवाळी रंगाची, उभ्या रेषांची, मधे निळे ठिपके. विषारी नीलहरित शैवाल खाऊन हीसुद्धा विष बाळगते. म्हणजे लपणंही आणि विषही, दोन्ही बाजू भक्कम. तिच्या मागे, साधारण वीतभर अंतरावर, एक अर्धपारदर्शक पांढरी, नारिंगी ठिपक्यांची जिम्नोडोरिस. भाचीनं माझा हात दाबला.

जिम्नोडोरिस दुसऱ्या गोगलगायी खाते. तिची चाल पाहण्यासारखी होती. स्टायलोकीलस डावीकडे वळली होती तिथे ही डावीकडे वळली. ती एका शिंपल्याला वळसा घालून गेली होती, हिनं रिकाम्या शिंपल्याला तसाच वळसा घातला, जरी नाकासमोर सरळ वाट मोकळी होती. तिला सावज दिसतच नव्हतं. ती चिकट रेघेवरून चालली होती, रेघ जाईल तशी. आठ मिनिटं लागली. मग शेपटीपाशी पोचली, तोंड पुढे आलं, पिशवीसारखं ताणलं गेलं, आणि स्टायलोकीलस मागच्या बाजूनं आत जायला लागली. जांभळट शाईचा छोटासा ढग उठला. जिम्नोडोरिस थांबली नाही. शेवटी तिची पातळ कातडी ताणून आतले निळे ठिपके बाहेरून दिसत होते.

आम्ही टॉर्च बंद केला. जिला डोळे नाहीत म्हणावं अशा शिकाऱ्यापुढे रंग, ठिपके, लपणं, मिरवणं, सगळं सारखंच. आणि जी सावजाचं विष पचवून जाते तिच्यापुढे विषही. दिवसा माशांचे डोळे, रात्री नाकानं चालणारे, दोन्हीकडून जीव वाचवायचा आणि मधे खायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची. त्यातून प्रत्येकीनं आपापली वेळ काढलेली. माझ्या दोन रकान्यांत, भडक-दिवस आणि मळकट-रात्र, हे मावणार तरी कसं?

परतीच्या वाटेवर भाची म्हणाली की तिच्या प्रबंधासाठी ती डबक्यावर कॅमेरा लावायचा विचार करतेय, चोवीस तास. माझ्या मास्कपेक्षा तो नक्कीच कमी गळेल.

दिवस पाचवा. ओहोटी सकाळी ८:२०

उधाण ओसरलं. पाणी आज फार उतरलंच नाही, चौथं, पाचवं आणि सहावं डबकं उघडंच पडलं नाही. उरलेल्या तीन डबक्यांपाशी दहा-दहा मिनिटं बसलो. एलिसिया दोन. रोस्टांगा जागेवर, आता डोळ्याला लगेच सापडली. जोरुना नव्हती.

चार दिवस न हललेली बाई नेमकी आज नव्हती. निळ्या स्पंजावर ती बसायची तिथे खाऊन पडलेला फिकट खळगा होता. आसपास बरंच शोधलं. शेवटी स्पंजाच्या आडोशाला, खालच्या बाजूला, पांढऱ्या फितीची एक गुंडाळी सापडली, अंड्यांची, ताजी. काल संध्याकाळी तिथे काही नव्हतं, हे नक्की. नऊच्या सुमाराला पाणी चढायला लागलं.

निघताना भाचीनं वहीची नवी पानं आखली. माझ्या जुन्या वह्यांत "कधी दिसली" असा रकाना असायचा. तिनं त्याच्या आधी आणखी एक रकाना काढला आणि वर लिहिलं, "कधी पाहिलं". मग जोरुनाच्या ओळीत पहिल्या रकान्यात ८:२० लिहून दुसऱ्यात एक आडवी रेघ मारली.